‘भाऊ तसे वाटत नाहीत’
(रेडिओवरील भाषण)

 दर आठवड्याला या वेळी आपण हप्ता, व्याज, शेळ्या, शिलाई यांबद्दल बोलतो. आजचा विषय जड आहे. मुलं जवळ बसली असली तरी रेडिओ बंद करू नका. त्यांनी घाबरावं असं वर्णन आम्ही करणार नाही. उलट आज त्यांनीही ऐकावं असंच बोलणार आहोत.

आमच्या एका गटातली गोष्ट आहे. गाव सांगणार नाही, नाव तर नाहीच. गटातली एक ताई सलग तीन बैठकांना आली नाही. नियमाप्रमाणे आम्ही तिच्या नावावर दर बैठकीचा दहा रुपये दंड लावला. चौथ्या बैठकीला ती आली, तीस रुपये सतरंजीवर ठेवले आणि म्हणाली, ‘दंड घ्या, पण आधी माझं ऐका.’ तिची बारा वर्षांची मुलगी एका गृहस्थांच्या घरी शिकवणीला जायची. एक दिवस जाईना झाली. मारलं, समजावलं, तरी जाईना. शेवटी मावशीजवळ तिनं तोंड उघडलं. त्या गृहस्थांना सगळं गाव ‘भाऊ’ म्हणतं. आमच्या गटाचे बँकेचे कागद तेच भरून द्यायचे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी त्यांचीच.

आम्ही काय केलं ते लपवत नाही. आम्ही दहा-बारा बायका आणि आम्ही समन्वयक, सगळ्यांनी मिळून प्रश्न विचारले. ती एकटी का जायची? तिनं आधीच का सांगितलं नाही? ओरडली का नाही? टीव्हीवर काही पाहून तर बोलत नाही ना? एक वहिनी म्हणाली, ‘भाऊ तसे वाटत नाहीत हो.’ आणि आमच्या माना हलल्या.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. त्यांची बचत पन्नास रुपये, बोलणं त्याहून कमी. त्या म्हणाल्या, ‘मघापासून सगळे प्रश्न पोरीलाच चाललेत. त्या बाप्याला एक तरी विचारा.’

त्या बैठकीत दुसरा विषय निघाला नाही. आमच्यात जिनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताना मानसशास्त्र घेतलं होतं, तिनं जुनी पुस्तकं काढली. आम्ही मिळून वाचत गेलो आणि वाचता वाचता खाली मान घालावी लागली. आम्ही सतरंजीवर बसून जी चूक केली, तीच चूक मोठमोठ्या विद्वानांनी जवळजवळ शंभर वर्षं केली होती. पुरुष असं का करतो, या प्रश्नाचं उत्तर ते बाईत आणि मुलीत शोधत होते. आज त्याच शोधाचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात युरोपातून करू. १८८६ मध्ये ऑस्ट्रियातले एक मनोविकारतज्ज्ञ, रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग, यांनी लैंगिक विकृतींवर मोठं पुस्तक लिहिलं. सामान्य माणसानं वाचून बिघडू नये म्हणून त्यातले काही भाग मुद्दाम लॅटिन भाषेत ठेवले होते. त्यात त्यांनी एकेका रुग्णाची हकीकत नोंदवली. असं वागणाऱ्याचा मेंदू, रक्त, घराणं यांतच काही बिघाड असतो, असं त्या काळचं मत होतं. या पुस्तकानं एक चांगलं केलं. ज्याबद्दल कुणी बोलतच नव्हतं, ते डॉक्टरांच्या टेबलावर आलं. पण त्याच वेळी लोकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलं, की असा माणूस म्हणजे वेडा, राक्षस, आपल्यापेक्षा वेगळा प्राणी. तो अंधारात, झुडपाआड असणार. मग जो रोज रामराम घालतो, गाडी देतो, कागद भरतो, तो तसा असूच शकत नाही! आमची वहिनी जे बोलली, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

दहा वर्षांनी, एप्रिल १८९६ मध्ये, व्हिएन्ना शहरात सिग्मंड फ्रॉइड नावाच्या डॉक्टरांनी एक व्याख्यान दिलं. त्यांच्याकडे झटके येणाऱ्या, हातपाय लुळे पडणाऱ्या, श्वास कोंडणाऱ्या बायका यायच्या. आपल्याकडे अशा बाईला ‘अंगात आलं’ म्हणतात, तिकडे हिस्टेरिया म्हणत. फ्रॉइड यांनी १८ रुग्णांच्या आधारे सांगितलं, की या आजाराच्या तळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आहे. अत्याचार करणाऱ्यांत नोकर, दाया, शिक्षक होते, जवळचे नातेवाईकही होते. त्या सभेचे अध्यक्ष होते तेच क्राफ्ट-एबिंग. हे सगळं विज्ञानाच्या कपड्यातली परीकथा वाटते, असा त्यांनी शेरा मारला. बाकीचे डॉक्टर गप्प बसले.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, फ्रॉइड यांनी आपल्या मित्राला पत्र लिहून कळवलं, की माझा आता त्या मतावर विश्वास राहिला नाही. त्यांना पटेना, त्याला कारणं अनेक होती. एक कारण त्यांनीच लिहून ठेवलं आहे. हे खरं मानलं तर घरोघरच्या बापांकडे बोट जातं, आणि हे इतकं सर्रास असेल असं मानायला मन धजत नाही. पुढे त्यांनी मुलांच्या मनातल्या इच्छा आणि कल्पना यांवर भर दिला. अत्याचार कधी होतच नाहीत असं ते म्हणाले नाहीत, हे खरं. पण त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी डॉक्टरांनी सोपा अर्थ घेतला. मुलगी सांगते ते तिच्या मनाचे खेळ असतात.

मैत्रिणींनो, ‘टीव्हीवर पाहून बोलत नाही ना?’ हा आमचा प्रश्न आठवा.

फ्रॉइड यांचेच एक जवळचे सहकारी होते, हंगेरीचे सँडोर फेरेन्झी. १९३२ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेन शहरात त्यांनी एक निबंध वाचला. तो वाचू नये म्हणून त्यांच्यावर दबाव होता, तरी वाचला. मूल मोठ्या माणसाकडे माया मागायला जातं आणि मोठा माणूस त्याचा भलताच अर्थ लावतो, असं त्यांनी सांगितलं. घाबरलेलं मूल विरोध करत नाही. ते यंत्रासारखं त्या माणसाच्या मनाप्रमाणे वागू लागतं, आणि गुन्हा त्याचा असून अपराधीपण मुलाच्या मनात उतरतं. पुढच्याच वर्षी फेरेन्झी वारले. त्यांचा निबंध इंग्रजीत छापून यायला १९४९ साल उजाडलं. एका खऱ्या गोष्टीला सतरा वर्षं दारात उभं राहावं लागलं.

दरम्यान काय चाललं होतं? १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी अत्याचार झालेल्या १६ मुलांवर लेख लिहिला. त्यातली एक डॉक्टर बाईच होती. मुलं दिसायला गोड आहेत, लाघवी आहेत, तेव्हा कदाचित त्यांनीच मोठ्यांना मोह घातला असेल, असं त्यांनी लिहिलं. पुढे १९७१ मध्ये मेनाकेम अमीर या अभ्यासकाचं पुस्तक आलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९५८ आणि १९६० या दोन वर्षांत पोलिसांकडे नोंदलेल्या बलात्काराच्या ६४६ घटना त्यांनी तपासल्या. त्यातून एक मोठी गोष्ट निघाली. बहुतेक बलात्कार अचानक झालेले नव्हते, आधी ठरवून केलेले होते. म्हणजे ‘भान राहिलं नाही’ ही सबब तिथंच मोडली. पण त्याच पुस्तकात साधारण १९ टक्के घटनांना त्यांनी ‘पीडितेनं ओढवून घेतलेल्या’ असं नाव दिलं. बाई दारूच्या ठिकाणी गेली, कुणाच्या गाडीत बसली, की तिनं ओढवून घेतलं. ठरवणारा पुरुष, आणि दोष तिचा. एकाच पुस्तकात दोन्ही!

आता आपल्या मातीत येऊ, कारण हाच विचार आपल्या न्यायालयातही बसलेला होता.

१९७२ च्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी, मजुरी करणाऱ्या कोवळ्या मुलीवर अत्याचार झाला. तो खटला ‘मथुरा खटला’ म्हणून देशभर ओळखला जातो. आरोपी दोन पोलीस होते. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधाची सवय होती, असं निकालात म्हटलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला आणि शिक्षा दिली. भीतीनं निमूट राहणं वेगळं आणि राजी असणं वेगळं, हे त्या न्यायालयानं ओळखलं. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे तिचा विरोध नव्हता.

‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न आमच्या सतरंजीवर येण्याआधी देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयात विचारला गेला होता.

आणि या प्रश्नाचं उत्तर तोवर मिळालेलं होतं. १९७४ मध्येच बॉस्टनच्या ॲन बर्जेस या परिचारिका-शिक्षिका आणि लिंडा होमस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी सरकारी दवाखान्यात आलेल्या ९२ बायकांचा अभ्यास छापला होता. रात्री-बेरात्री फोन आला की दोघी दवाखान्यात जायच्या आणि त्या बाईजवळ बसायच्या. त्यांना दिसलं, की या सगळ्यात सर्वांत मोठी भावना भीतीची असते, जीव जाईल या भीतीची. कुणी रडतं, कुणी अगदी शांत बसतं. काहींचे हातपाय गळतात, आवाज फुटत नाही. साप अचानक समोर आला तर पाय जागीच थिजतात, हे आपल्यातल्या प्रत्येकीनं शेतात अनुभवलंय. त्याला कुणी सापाशी दोस्ती म्हणत नाही.

मथुरा खटल्याच्या निकालावर सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. पाठोपाठ मुंबई, दिल्ली, नागपूर, पुणे इथल्या बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, सरकारी नोकर, दवाखान्यातले कर्मचारी अशा ताब्यातल्या माणसानं बलात्कार केला आणि संबंध झाल्याचं सिद्ध झालं, तर बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली की न्यायालयानं ते धरून चालायचं, असा नियम आला. पीडितेचं नाव छापण्यावर बंदीही त्याच वेळी आली. एका मजूर मुलीला न्याय मिळाला नाही, पण तिच्यामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर थोडं छप्पर आलं.

तर १९७० नंतर बायका बोलू लागल्या आणि मग आजींचा प्रश्न जगभर विचारला गेला. त्या बाप्याला विचारा.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या सुझन ब्राऊनमिलर या पत्रकार बाईंनी युद्धांपासून तुरुंगांपर्यंतचा इतिहास धुंडाळून लिहिलं, की बलात्काराच्या मुळाशी वासनेपेक्षा बाईला धाकात ठेवण्याची सत्ता असते. १९७९ मध्ये निकोलस ग्रोथ या मानसशास्त्रज्ञांचं पुस्तक आलं. त्यांनी तुरुंगात आणि उपचारकेंद्रात पाचशेहून जास्त गुन्हेगारांशी बोलून त्यांचे तीन गट केले. काहींना सूड उगवायचा होता, राग काढायचा होता. थोड्यांना दुसऱ्याच्या वेदनेतच आनंद होता. आणि निम्म्याहून जास्त लोकांना ‘माझं चालतं’ हे सिद्ध करायचं होतं. यातल्या कितीतरी जणांना घरी बायको होती. बायको नाही म्हणून असं केलं, ही समजूत इथं गळून पडली. पुढच्या अभ्यासकांनी ग्रोथ यांच्या मांडणीत दुरुस्त्या केल्या, वासना आणि सत्ता अशी वेगळी करता येत नाहीत असंही सांगितलं. पण तपासणीचा दिवा आता योग्य माणसाच्या तोंडावर होता.

त्यानंतर डायना स्कली आणि जोसेफ मरोला या दोघांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या तुरुंगांत बलात्काराची शिक्षा भोगणाऱ्या ११४ पुरुषांशी बोलून जे लिहिलं, ते आम्ही दोनदा वाचलं. हे पुरुष दोन तऱ्हेनं बोलत होते. काही म्हणायचे, हो, चुकलं, पण दारू प्यायलो होतो, मनाचा तोल गेला होता, एरवी मी भला माणूस आहे. दुसरे म्हणायचे, गुन्हा झालाच नाही. तिलाच हवं होतं, तिचं ‘नाही’ म्हणजे ‘हो’च होतं, ती काही चांगल्या घरची नव्हती. स्कली आणि मरोला यांनी दाखवलं, की ही वाक्यं त्यांनी तुरुंगात बसून शोधून काढलेली नव्हती. ती समाजात आधीपासून होती, त्यांनी फक्त उचलली. आपल्याकडेही तीच वाक्यं चावडीवर, लग्नात, सिनेमात ऐकू येतात. म्हणजे आपण जेव्हा म्हणतो ‘पोरगीच नखरेल’, तेव्हा अशा माणसाच्या हातात आपण तयार सबब देत असतो.

लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी मांडणी डेव्हिड फिंकेलहोर या अभ्यासकांनी १९८४ मध्ये केली. त्यांचं म्हणणं असं, की मुलावर अत्याचार होण्याआधी त्या माणसाला चार दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार, त्याच्या मनात तशी इच्छा असणं. दुसरं दार त्याच्या स्वतःच्या मनाचं. हे वाईट आहे हे त्याला कळत असतं, म्हणून तो दारू पितो किंवा सबबी रचतो. ‘मी तर लाड करतोय’, ‘तिला काय कळतंय’. तिसरं दार आपलं, म्हणजे आई, घर, शेजार, गाव यांच्या राखणीचं. ते उघडायला तो विश्वास मिळवतो, एकटेपणाची वेळ शोधतो. चौथं दार मुलाचं. ते तो खाऊनं, भेटीनं, धाकानं नाहीतर गुपिताच्या शपथेनं उघडतो.

हे आम्ही बैठकीत फळ्यावर काढलं. चार चौकोन आणि त्यांत चार दारं. मग आमचे प्रश्न कुठं बसतात ते पाहिलं. एकटी का गेलीस, का सांगितलं नाहीस, ओरडली का नाहीस, सगळे प्रश्न चौथ्या दारापाशी! तिथं पोचेपर्यंत त्या माणसानं तीन दारं ओलांडलेली होती आणि त्यांतल्या पहिल्या दोनांशी मुलीचा, तिच्या आईचा काडीचा संबंध नव्हता. आई बाजारला गेली म्हणून अत्याचार होत नाही. गावातल्या बाकीच्या पुरुषांनाही ती बाजारला गेलेली दिसलीच होती.

मग आजी म्हणाल्या, ‘तिसरं दार कुणी उघडलं?’ कुणी बोललं नाही. कुंपणानं शेत खाल्लं तर दोष कुंपणाचा, पण कुंपणाला मान देऊन देऊन आम्हीच उंच केलं होतं.

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये मुलांवर अत्याचार केलेल्या ९१ पुरुषांच्या मुलाखती छापल्या गेल्या. तुम्ही मूल कसं निवडता, असं त्यांना थेट विचारलं होतं. ज्या मुलाला आत्मविश्वास कमी, जे एकटं, ज्याच्या घरात अडचण, ते मूल सोपं, असं त्यांनी सांगितलं. खेळणं, शिकवणं, गाडीतून नेणं, भेटवस्तू देणं, मग हळूच अंगाला हात लावून पाहणं आणि मूल काय करतं याचा अंदाज घेणं, ही त्यांची रीत होती. या रीतीला अभ्यासक ‘ग्रूमिंग’ म्हणतात. आपण याला दाणे टाकून कोंबडी जवळ आणणं म्हणू. लक्षात घ्या, दाणे फक्त मुलासमोर टाकत नाहीत. आईसमोरही टाकतात, गावासमोरही टाकतात. आम्हाला गाडी मिळाली, कागद भरून मिळाले. उपकाराच्या ओझ्याखाली मान आपोआप खाली जाते आणि खाली मान घातलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

इथं दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक म्हणजे, मदत करणारा प्रत्येक पुरुष संशयित नाही. पुस्तक वाचून कुणालाही दोषी ठरवता येत नाही, ते काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. पण मूल एकटं मागणं, भेट लपवायला सांगणं, ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणणं, आईबद्दल मुलाचं मन कलुषित करणं, या गोष्टी दिसल्या तर लक्ष द्या. भला माणूस उघड्या दारानं शिकवायला कधीच नाराज होत नाही.

दुसरी गोष्ट, ‘लहानपणी त्याच्यावरच अत्याचार झाला असेल, म्हणून तो असा झाला’ असं हल्ली फार ऐकू येतं. काहींच्या बाबतीत तसं घडतं. पण २००३ मध्ये छापलेल्या लंडनच्या एका अभ्यासात लहानपणी अत्याचार सोसलेल्या २२४ मुलग्यांचा पुढे मोठेपणापर्यंत माग घेतला, तेव्हा त्यातल्या २६ जणांनी पुढे अत्याचार केल्याचं आढळलं, म्हणजे साधारण १२ टक्के. बाकीच्यांबद्दल तसं काही आढळलं नाही. आणि सोसणाऱ्यांत मुली इतक्या असताना करणाऱ्यांत बहुतेक पुरुष का, याचं उत्तर या समजुतीत नाही. म्हणून सोसलेल्या मुलाकडे ‘हा उद्या असाच होणार’ अशा नजरेनं पाहू नका. त्याच्यावर तो दुसरा अन्याय होईल.

कुणी विचारेल, अशा माणसाचं मन कशाला समजून घ्यायचं? शिक्षा द्या आणि मोकळे व्हा. शिक्षा हवीच. पण बोंडअळी कधी अंडी घालते हे आपण शिकलो, म्हणून कुणी आपल्याला अळीच्या बाजूचं म्हणत नाही. पुढचं बोंड वाचवायचं तर ते शिकावंच लागतं.

आपल्या देशातही उशिरा का होईना, आकडे बाहेर आले. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. करणाऱ्यांत निम्मे ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागेवरचे होते. मुलग्यांचं प्रमाणही कमी नव्हतं, हे मुलग्यांच्या आयांनी ऐकून ठेवा. २०१२ मध्ये मुलांसाठी पॉक्सो कायदा आला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीनं जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी बलात्काराचा कायदा बदलला. केवळ झटापट केली नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे आता कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून हे एक वाक्य लिहिलं जायला ४१ वर्षं लागली.

आता आमच्या गटाचं. पाचव्या बैठकीला आम्ही दोन ठराव वहीत लिहिले. पहिला, त्या ताईचे तीस रुपये परत. दुसरा, मुलीला यापुढे एकही प्रश्न विचारायचा नाही, फक्त एवढं सांगायचं, ‘आमचा तुझ्यावर विश्वास आहे, तुझी काही चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस.’ हे सांगायला आजीच गेल्या. मुलगी काही बोलली नाही. आजींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

मग तिच्या आईबरोबर आम्ही चौघी पोलीस ठाण्यात गेलो. पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळल्यावर कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. गावात मिटवून टाकू म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना आम्ही हेच ऐकवलं. शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, वर्दी न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी जबाब घ्यायचा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही, असंही कायदा सांगतो. हे माहीत असलं की आवाज कापत नाही. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. तुम्हीही लिहा.

खटला चालू आहे, म्हणून त्याबद्दल याहून जास्त बोलणार नाही. सगळं गोड झालं असंही सांगणार नाही. तीन बायकांनी गट सोडला. बँकेचे कागद भरायला आता आम्हालाच रात्री दिव्याखाली बसावं लागतं, दोनदा चुकून परत आले. दवाखान्याला गाडी हवी तर १०८ ला फोन लावून वाट पाहावी लागते. त्या ताईच्या दारावरून काही लोक मान फिरवून जातात. पण मुलगी पुन्हा शाळेत जाते. आणि ‘भाऊ तसे वाटत नाहीत’ म्हणणारी वहिनी दर सोमवारी तिला सायकलवरून सोडायला जाते. का, ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हप्त्याची वही मिटल्यावर दहा मिनिटं काढा. फळ्यावर, नाहीतर जमिनीवर खडूनं चार दारं काढा. तिसऱ्या दाराशी आपण कुठं उभ्या आहोत, ते एकमेकींना विचारा. आणि उद्या एखादी पोर काही सांगायला आली, तर पहिला प्रश्न तिला नको.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.